हत्याराचे मोल



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर आला की बोनस, महागाई भत्ता आणि संप यांखेरीज तो दुसरे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही जपानी सुताराच्या पटाशीवर, रंध्यावर आणि करवतीवर बोलणार आहोत. राणीसावरगाव कोठे, जपान कोठे, आणि या दोहोंचा कामगार चळवळीशी संबंध काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. परंतु हत्यार ही वस्तू अशी की एका कष्टकऱ्याची मेहनत थेट दुसऱ्या कष्टकऱ्याच्या हातात जाते. मध्ये फार तर एखादा दुकानदार. म्हणून मजुरीचा प्रश्न हत्याराच्या किमतीत जितका उघडा दिसतो, तितका तो गिरणीच्या ताळेबंदातही दिसत नाही.

प्रथम किंमत सांगून टाकू. जपानात लोहाराने हाताने घडवलेली एक बऱ्यापैकी पटाशी आठदहा हजार येनांना, म्हणजे आपल्या पैशात सुमारे पाच हजार रुपयांना पडते. नावाजलेल्या लोहाराच्या रंध्याला पन्नास हजार, लाख येन आणि त्याहूनही अधिक मोजावे लागतात. आपल्या बाजारात कारखान्यात झालेली पटाशी दोन-तीनशे रुपयांत मिळते. पाच हजारांची पटाशी लाकडात जे भोक पाडते तेच दोनशेची पाडते. मग जगभरचे सुतार, आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतले हौशी लोकसुद्धा, इतके पैसे का मोजतात? ही केवळ श्रीमंतांची हौस आहे काय?

याचे उत्तर हत्याराच्या पोटात आहे. जपानी पटाशी एका धातूची नसते. धारेच्या बाजूला कठीण पोलादाचा पातळ थर असतो, आणि बाकीचे अंग मऊ लोखंडाचे. पोलाद जितके कठीण तितकी धार टिकते. पण कठीण पोलाद ठिसूळ असते, घावाने तुटते आणि दगडावर घासता घासता माणूस थकतो. मऊ लोखंड घाव सोसते आणि चटकन घासले जाते, पण त्याला धार राहत नाही. दोघांची सोयरीक लावली की एकाचा दोष दुसरा झाकतो. ही सोयरीक लावण्याचे काम भट्टीत होते. लोखंड तापवायचे, त्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस टाकायचा, पोलादाचा तुकडा ठेवायचा आणि घणाने ठोकून दोन्हींचा सांधा एकजीव करायचा. ताव जास्त झाला तर पोलाद जळते, कमी झाला तर सांधा सुटतो. मग आकार देणे, हळूहळू निववणे, मातीचा लेप देऊन पुन्हा तापवणे आणि शेवटी पाणी देणे. तापलेल्या पोलादाचा रंग नीट ओळखता यावा म्हणून हे लोहार मुद्दाम अंधाऱ्या जागेत काम करतात. तो रंग लाल किती आणि नारिंगी किती, हे वर्षानुवर्षे बघितलेला डोळाच सांगतो.

आपल्यापैकी जे लोहारकाम जाणतात ते म्हणतील, यात नवे काय? त्यांचे बरोबर आहे. झिजलेल्या कुऱ्हाडीला किंवा फाळाला पोलादाचा तुकडा जोडून ती शेवटून देणे हे आपल्या गावच्या लोहाराचे पिढीजात काम. तत्त्व तेच. फरक बारकाईचा आहे. जपानी लोहार पटाशीची पाठ किंचित खोलगट करतो, म्हणजे घासायला धातू कमी राहतो आणि पाठ सपाट ठेवणे सोपे जाते. रंध्याचे पाते तो पाचरीसारखे निमुळते घडवतो. ओकच्या लाकडाच्या ठोकळ्यात ते नुसते ठोकून बसते, वेगळी पाचर लागत नाही. आणि तो रंधा आपल्यासारखा पुढे ढकलायचा नसतो, अंगाकडे ओढायचा असतो. करवतही ओढूनच चालवायची. ओढताना पाते ताणले जाते, वाकत नाही. म्हणून ते पातळ ठेवता येते आणि लाकडाचा भुसा कमी पडतो. ओढून कापणाऱ्या करवती आपल्या देशातही होत्या. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करणाऱ्या सुताराला ओढणेच सोयीचे पडे.

या हत्यारांची गोडी कशात आहे तेही सांगितले पाहिजे. नवा रंधा विकत आणला की तो लगेच चालत नाही. ठोकळा सुताराने आपल्या हाताने तासून पात्याशी जुळवून घ्यायचा, पात्याची पाठ घासायची, धार काढायची. लोहाराने निम्मे काम केलेले असते, उरलेले निम्मे सुताराने करायचे. असे जमलेल्या रंध्याने निघालेला कीस इतका तलम असतो की तिकडे त्याच्या स्पर्धाच भरतात. १९९७ साली सुरू झालेल्या ‘केझुरो-काई’ या मंडळींच्या मेळाव्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ कीस काढून दाखवतात. लाकडावर रंध्यानेच अशी झिलई येते की पॉलिशपेपर लावावा लागत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी बोथट हत्याराने सागवानाची गाठ तासली आहे, त्याला या गोष्टीतला आनंद समजावून सांगावा लागणार नाही. चांगले हत्यार हाताचे कष्ट कमी करते आणि कामाची अब्रू वाढवते. कष्टकऱ्याला याहून मोठी चैन कोणती?

आता ही विद्या जपानात टिकली कशी ते पाहू. १८७६ साली तिथल्या सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावायला बंदी केली. तलवारी घडवणाऱ्या कित्येकांची रोजी बुडाली, आणि त्यांतले काही पटाशा व रंधे घडवू लागले. मिकी नावाचे गाव त्याही आधी हत्यारांसाठी प्रसिद्ध झाले होते. १५७८ ते १५८० या काळात तिथल्या किल्ल्याला वेढा पडला आणि गाव उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बांधण्यासाठी सुतार आले, सुतारांमागून लोहार आले आणि तिथेच राहिले, असे तिथले लोक सांगतात. इसेचे मंदिर तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधायची रीत आहे. बासष्टाव्या खेपेचे बांधकाम २०१३ मध्ये पुरे झाले. वीस वर्षे हा अंतराचा हिशेब फार शहाणपणाचा आहे. एका खेपेला जो पोरगा हाताखाली असतो, तो दुसऱ्या खेपेला कारागीर होतो आणि तिसऱ्या खेपेला गुरू. विद्या टिकते ती काम मिळत राहिल्यामुळे. नुसत्या कौतुकाने कुठलीच विद्या टिकलेली नाही.

येथे आम्हाला आपल्या मराठवाड्याची आठवण होते. आपल्याकडे माळवदाची घरे होती. सागवानी खांब, तुळया, खण, वर मातीचे छत. एकेक वाडा म्हणजे दोन-चार सुतारांची वर्षभराची भाकरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांच्या मनात त्या घरांची धास्ती बसली, आणि ती बसणे स्वाभाविक होते. नवी घरे सिमेंटची झाली. आम्ही त्याला दोष देत नाही. जीव आधी, कारागिरी नंतर. पण परिणाम काय झाला तो लक्षात घ्या. मिकी उद्ध्वस्त झाले तेव्हा पुनर्बांधणीने लोहार आणले. आपल्याकडच्या पुनर्बांधणीत सुतारालाही काम उरले नाही, मग लोहाराला कोठून उरणार? तिकडे शेतात ट्रॅक्टर आला, बैलगाडीला रबरी टायर आले. तुंबा, आरे, पुठ्ठे जुळवून सुताराने चाक उभे करायचे आणि लोहाराने लाल झालेली धाव त्यावर चढवायची, हा दोघांनी मिळून करायचा सोहळा गावोगाव बंद पडला.

आपल्याकडे पोलादाची विद्या नव्हती असे मात्र कोणी समजू नये. आपली गोदावरी गंगाखेडहून नांदेडकडे आणि तेथून तेलंगणात जाते. त्या बाजूला निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. १९४८ पर्यंत ते आणि आपला परभणी जिल्हा एकाच निजामी संस्थानात होते. तेथे मातीच्या बंद मुशीत पोलाद आटवत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या भूगर्भशास्त्रज्ञाने ते काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले. हे पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी तेथवर येत. त्याच सुमारास इंग्लंडात मायकेल फॅरडेसारखा शास्त्रज्ञ हिंदुस्थानी पोलादाच्या पोटात काय आहे याचे प्रयोग करीत होता. असे पोलाद ज्या मुलुखात होत होते, त्याच मुलुखातला लोहार आज भंगारातून ट्रकचा पाटा आणून त्यातून वाकस आणि पटाशी घडवतो. पाट्याचे पोलाद वाईट नसते. जपानी लोहारसुद्धा मऊ लोखंडासाठी जुन्या साखळ्या आणि नांगर शोधत फिरतात. भंगार वापरण्यात कमीपणा काही नाही. त्या भंगारावर केलेल्या मेहनतीचे दाम किती मिळते, हा प्रश्न आहे.

आणि इथे आमच्या विषयाचा गाभा येतो. आपल्या लोहाराच्या कामाला मुळात किंमत अशी नव्हतीच. होते ते बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. सुगीला खळ्यावर जायचे, शेतकरी देईल ते धान्य पदरात घ्यायचे. वर्षभर औत-अवजारे दुरुस्त करायची ती त्या धान्याच्या भरवशावर. यात उपाशी मरण्याची भीती कमी होती हे खरे. पण भाव ठरवण्याचा अधिकारही नव्हता, आणि जातीचे कुंपण ओलांडून दुसरा धंदा धरण्याची मुभाही नव्हती. काही लोक आज बलुतेदारीचे गोडवे गातात. आम्हाला ते जमणार नाही. बलुते मोडले, धान्य थांबले, पण लोहाराच्या मेहनतीला दाम देण्याची सवय समाजाला लागली नाही. कुऱ्हाड शेवटून घेताना आपण आजही घासाघीस करतो, आणि दुकानात छापील किंमत मात्र मुकाट्याने देतो.

एक हिशेब मांडू. समजा, एक पटाशी नीट घडवायला दोन माणसांचे तीन तास लागले; एक सांडस धरून हातोडी चालवणार, दुसरा भाता आणि घण सांभाळणार. म्हणजे सहा तासांची मेहनत. रोज पाचशे रुपये आणि आठ तासांचा दिवस धरला तर मजुरीच पावणेचारशे होते. कोळसा आणि पाट्याचे पंचाहत्तर धरा. साडेचारशे झाले, नफा अजून शून्य. आणि बाजारात तो लोहार बसला की गिऱ्हाईक म्हणते, “दुकानात दोनशेला मिळते, तू दीडशेला दे.” तो देतो, कारण संध्याकाळी पीठ न्यायचे असते. उरलेले तीनशे रुपये कोणी भरले? ते त्याने भरले, आणि घण मारणारीने भरले.

घण मारणारी असे आम्ही मुद्दाम म्हणालो. घिसाड्यांचा पाल आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पुरुष ऐरणीशी बसतो, आणि समोर त्याची घरधनीण उभी राहून दोन्ही हातांनी घण घालते. अंगावर पिणारे मूल बाजूला झोळीत. त्या कुटुंबाच्या मिळकतीत तिची मजुरी वेगळी कधी धरलीच जात नाही. सरकारच्या यादीत भटकी जमात म्हणून त्यांची नोंद आहे, पण कामगार म्हणून त्या बाईची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? १९४८ चा किमान वेतन कायदा असो, की त्याची जागा घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली वेतन संहिता असो, ज्याला मालक आहे त्याच्यापुरता तो कायदा. ऐरणीवरचा माणूस स्वतःच स्वतःचा मालक ठरतो, म्हणून स्वतःला उपाशी ठेवण्याची त्याला पूर्ण मोकळीक असते!

मग जपानी लोहाराचे पाच हजार आपल्याला इतके डोळ्यांत का खुपतात? त्या पाच हजारांत मजुरी धरलेली असते. तो आपल्या हत्यारावर नावाचा ठसा मारतो. हत्यार बिघडले तर नाव बिघडते, आणि हत्यार चांगले निघाले तर त्या नावाला दाम मिळतो. आपल्या लोहाराच्या पटाशीवर नाव नसते. ती चांगली निघाली तर नशिबाने, वाईट निघाली तर जातीने!

तथापि जपान म्हणजे स्वर्ग असेही कोणी समजू नये. चियोझुरु कोरेहिदे हा १८७४ साली जन्मलेला, १९५७ साली वारलेला, रंध्याच्या पात्यांचा तिथला सर्वांत गाजलेला लोहार. पण त्याच्या घरात पैसा कधी टिकला नाही, असे सांगतात. त्याची पाती आज संग्राहक जपून ठेवतात. त्या किमतीतला येनही त्याच्या हाती लागला नाही. तिथले शिष्य गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे जवळजवळ फुकट राबत. १९४७ च्या तिथल्या श्रममान कायद्यात शिकाऊंना असे राबवून घेण्याविरुद्ध स्वतंत्र कलमच घालावे लागले. कोणी म्हणेल, त्या कायद्याने परंपरा बुडाली. आमचे म्हणणे, जी परंपरा पोराच्या फुकट मेहनतीवर उभी असते तिला आपली भाकरी आपण मिळवायला शिकलेच पाहिजे. पुढे १९५८ साली माकिता कंपनीने विजेवर चालणारा रंधा काढला. दात बोथट झाले की पातेच बदलायचे, अशा करवती आल्या. त्यांचे दात विजेच्या झटक्याने इतके कठीण केलेले असतात की कानस चालत नाही. सुताराला त्या स्वस्त पडतात, म्हणून तो त्या घेतो. आज हाताने करवत घडवणारे तिकडेही मोजकेच उरले आहेत. १९७४ साली सरकारने पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला, आणि २०२० साली लाकडी बांधकामाच्या तिथल्या कौशल्यांना युनेस्कोने आपल्या यादीत घेतले. हे चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागते, भट्टीत कोळसाच लागतो.

कारखान्याच्या स्वस्त पटाशीलाही आम्ही शत्रू मानत नाही. ज्या पोराला रोजंदारीवर फर्निचरच्या कामाला जायचे आहे, त्याच्या खिशात पाच हजार नसतात. दोनशेच्या पटाशीने त्याची चूल पेटते. खरे म्हणजे पाच हजारांचे हत्यार वीस वर्षे चालले तर वर्षाला अडीचशेच पडतात, आणि दोनशेचे दर वेळी वर्षाच्या आतच बदलावे लागले तर हिशेब जवळजवळ तोच येतो. पण वीस वर्षांचे पैसे एकदम मोजण्याची ऐपत गरिबाला नसते. स्वस्त माल त्याला अंती स्वस्त पडत नाही हे कळत असूनही तो स्वस्तच घेतो, कारण दुसरी वाट नसते. म्हणून नुसते “चांगले हत्यार वापरा” असा उपदेश करणे ही गरिबाची थट्टा आहे. वाट काढली पाहिजे ती दोन्ही कामगारांनी मिळून.

काय करता येईल? पहिली गोष्ट तर सरकारच्याच हातात आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिदिनाच्याच तारखेला, केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ धंदे आहेत. सुतार आहे, लोहार आहे, हातोडे आणि हत्यारे बनवणाराही वेगळा धरलेला आहे. शिकताना रोज पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. आम्ही वरच्या हिशेबात रोज पाचशे धरला तो याच आकड्यावरून. आकडा आमचा नाही, सरकारचा आहे. आमची मागणी एवढीच, की सुताराला मिळणाऱ्या पंधरा हजारांतली काही हत्यारे त्याच तालुक्यातल्या लोहाराकडून घेतली जावीत, आणि तीही मजुरी धरून ठरवलेल्या भावाने. तेच पैसे मग दोन घरे जगवतील, आणि सुताराला बिघडलेले हत्यार घेऊन कोणाकडे जायचे हेही कळेल.

दुसरी गोष्ट सुतारांनी करायची. एकट्याने एक पटाशी मागितली तर लोहाराला परवडत नाही. दहा सुतारांनी मिळून वीस पटाशा आधी सांगितल्या, निम्मे पैसे आधी दिले, तर तो पोलाद बघून आणेल, ताव सांभाळेल, आणि नावाचा ठसाही मारील. ठसा मारायला लावाच. नाव लावले की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की भाव मागण्याचा हक्कही येतो.

तिसरी गोष्ट आम्हा संघटनावाल्यांची. विखुरलेल्या, एक मालक नसलेल्या कामगारांना संरक्षण देता येत नाही, असे पूर्वी हमालांबद्दलही म्हणत. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, मंडळे स्थापली, आणि पाठीवर पोते वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो हे देशाला दाखवून दिले. ऐरणीवर बसणाऱ्याला आणि घण घालणारीला अशा मंडळात जागा का नसावी? घण घालणारीचे नाव नवऱ्याच्या नावाखाली नको, स्वतंत्र ओळीत हवे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. सुतार आपला वाकस, करवत धुऊन मांडतो, एसटीच्या डेपोत पान्हे मांडतात, जिनिंगमध्ये यंत्राला हार घालतात. जपानी सुतारही नववर्षाला हत्यारे स्वच्छ करून मांडतो आणि त्यांच्यापुढे तांदळाचे मोदकासारखे गोळे ठेवतो. दोन्ही देशांत हत्याराला देव मानतात ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. फक्त पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्याआधी एक हिशेब तपासा: हे हत्यार ज्याने घडवले, ज्याने शेवटून दिले, त्याची मजुरी आपल्याकडे बाकी आहे काय? बाकी असेल तर ती आधी चुकती करा, पूजा मग करा.